फोंडा ते पणजी रोजचा प्रवास : गाडीचे पेट्रोल नेमके कुठे जाते?

अंत्रुजकर

नमस्कार. मी फोंड्याला राहतो आणि नोकरीसाठी रोज पणजीत पाटोला स्वतःच्या गाडीने जातो-येतो. गाडी २०१८ सालची, पाच गिअरची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. कंपनीने लिटरला २१ किलोमीटर सांगितले होते. तेवढे कधीच मिळाले नाही, पण पहिली काही वर्षे १७ ते १८ सहज पडत असे. आता मात्र आकडा १४ च्या आसपास अडकून बसला आहे. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होते, धूर नाही, वेगळा आवाज नाही, पिकअपही चांगला आहे.

कदंब या सरकारी सेवेच्या शटल बसने जावे हा सल्ला मला मिळालेला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु घरी परतण्याची वेळ ठरलेली नसते आणि अधूनमधून आईला बांबोळीच्या इस्पितळात न्यावे लागते, त्यामुळे गाडीवाचून माझे चालत नाही. म्हणून आहे त्याच गाडीत पेट्रोल कसे वाचवावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझ्या मामांनी उमेदीची सारी वर्षे टॅक्सी चालवली. फर्मागुढीचा आणि कुंडईचा उतार लागला की गाडी न्यूट्रलवर टाकावी, असे ते ठामपणे सांगतात. कार्यालयातले एक सहकारी म्हणतात की टायरमध्ये सांगितल्यापेक्षा चार-पाच पौंड हवा जास्त भरावी. एका गॅरेजमध्ये पेट्रोलमध्ये ओतायच्या औषधाची बाटली घेण्याचा आग्रह झाला. एसी बंद ठेवावा म्हटले, तर मे महिन्यात ते सहन होत नाही आणि पावसाळ्यात काचांवर वाफ धरते. यांपैकी कशाने खरोखर फरक पडतो, हे अनुभवी आणि जाणकार मंडळींनी कृपया सांगावे.

फर्मागुढीकर

अंत्रुजकर, आपल्या मामांचा सल्ला त्यांच्या काळातल्या गाड्यांना लागू होता, हे आधी सांगितले पाहिजे. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणकाशिवाय हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या इंजिनात ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी फिरणारे इंजिन पेट्रोल ओढतच राहत असे, त्यामुळे उतारावर इंजिन मोकळे केले की थोडी बचत होई. आपल्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे हे संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला आहे आणि इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे साधारण दीड हजारांच्या वर आहेत, असे दिसले की तो इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, बंदच करतो. त्या वेळी चाकेच इंजिन फिरवत असतात आणि पेट्रोल एक थेंबही जळत नाही. याउलट न्यूट्रल केले, की चाकांशी असलेला संबंध तुटतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलिंगचे, म्हणजे नुसते फिरत राहण्यापुरते, पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे फर्मागुढीहून म्हार्दोळकडे उतरताना चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी सोडून दिली तर खर्च शून्य, आणि न्यूट्रलवर सोडली तर थोडा का होईना, खर्च आहेच.

उतार इतका सौम्य असेल की गिअरमध्ये गाडीचा वेग पडू लागतो, तर वरच्या गिअरमध्ये पाय हलका ठेवून चालवावे. तेवढ्यासाठी न्यूट्रलचा मोह नको. कारण पैशापेक्षा मोठा आहे. न्यूट्रलवर इंजिनाचा अडसर नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक आहे. ब्रेकला जोर देणारी निर्वात यंत्रणा इंजिनावर चालते, ती एक-दोनदा ब्रेक दाबताच संपते, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली चुकून मागे फिरली तर ते अडकूही शकते. मामांचा मान राखून एवढे त्यांना अवश्य समजावून सांगा.

आता माझ्या मते जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि जिची चर्चा सर्वांत कमी होते, ती सांगतो. पेट्रोल खर्च होते ते वेग कमावताना, पण ते वाया जाते ब्रेक दाबताना. साधारण एक हजार किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल, तर तिच्यात सुमारे १४० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. पेट्रोलच्या ऊर्जेतला जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर तेवढा वेग देण्यासाठी १५ ते २० मिलिलिटर पेट्रोल जळलेले असते. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते सगळे ब्रेकच्या चकत्यांची उष्णता होऊन हवेत जाते. अशा साठेक थांब्यांत एक लिटर पेट्रोल संपते. आपल्या रस्त्यावर भोमेच्या वस्तीतला अरुंद भाग आहे, जुन्या गोव्याचे चौक आहेत, पणजीत शिरताना लागणारी रांग आहे. दिवसाकाठी असे थांबे किती होत असतील, याचा अंदाज आपणच बांधावा.

सगळे थांबे टाळता येत नाहीत, पण ज्यांना घाईमुळे आपण स्वतः जन्म देतो ते टाळता येतात. बाणस्तारीचा पूल ओलांडून भोमेकडे येताना पुढे गाड्या साचलेल्या दिसतात. तिथपर्यंत जोरात जाऊन शेवटच्या वीस मीटरांत ब्रेक दाबणारा आणि लांबूनच पाय उचलून गाडीला हळूहळू मंदावू देणारा, दोघेही त्याच रांगेत त्याच वेळी पुढे सरकतात. दुसऱ्याचे इंजेक्टर मात्र तेवढा वेळ बंद होते, आणि पुष्कळदा तो पोहोचेपर्यंत रांग हललेली असल्यामुळे त्याला पूर्ण थांबावेही लागत नाही. यासाठी पुढच्या गाडीच्या दिव्यांकडे न पाहता तिच्या पुढच्या तिसऱ्या-चौथ्या गाडीकडे नजर ठेवायची सवय लावावी लागते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत आक्रमकपणे गाडी हाकल्यास मायलेज १० ते ४० टक्क्यांपर्यंत घटते. कोणत्याही बाटलीतले औषध एवढा फरक पाडू शकत नाही. त्याच देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने तपासली आणि मायलेजमध्ये लक्षणीय सुधारणा करणारे एकही सापडले नाही. त्या बाटलीचे पैसे वाचवा.

गिअरविषयी थोडक्यात : पेट्रोल गाडीत दोन ते अडीच हजार फेऱ्यांच्या दरम्यान वरचा गिअर टाकत लवकर चौथ्या-पाचव्यात यावे, मात्र तीसच्या वेगाला पाचवा टाकून इंजिन धडधडू देऊ नये.

राहिला २१ चा आकडा. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, कमाल वेग ९० असतो आणि एसी बंद असतो. त्यामुळे आपल्या चढउतारांच्या रस्त्यावर तो आकडा मिळणार नाही हे गृहीत धरावे. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणाच्या लिटरमध्ये ऊर्जाच ६ ते ७ टक्क्यांनी कमी भरते. १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत हा फरक तीन-साडेतीन टक्के होतो. तेव्हा जुन्या १७-१८ मधला अर्धा-पाऊण किलोमीटर तिथे गेला, असे समजा. उरलेली घट मात्र त्याने समजावता येत नाही. ती गाडीत किंवा चालवण्यात शोधावी लागेल.

पेडण्याचा टॅक्सीवाला

फर्मागुढीकर सरांनी मुद्दा नेमका मांडला आहे. मी मोपा विमानतळावरून दक्षिण गोव्यात भाडी नेतो, त्यामुळे माझा संबंध गावातल्या थांब्यांपेक्षा महामार्गाशी जास्त येतो आणि तिथे पेट्रोल खाणारी गोष्ट वेगळी आहे : वेग.

झुआरीवरचा नवा पूल होण्यापूर्वी कुठ्ठाळीला गाड्यांची जी रांग लागे, तिच्यात आयडलिंगवर किती इंधन जळत होते ते आम्हा टॅक्सीवाल्यांना विचारावे. डिसेंबर २०२२ मध्ये पुलाची एक बाजू सुरू झाली आणि वर्षभराने दुसरी. रांग गेली, रस्ता मोकळा मिळाला, आणि मोकळा मिळाला म्हणून सगळे शंभरच्या पुढे जाऊ लागले. रांगेत वाचलेले इंधन आता वाऱ्याशी झगडण्यात जात आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो, आणि वीस किलोमीटरच्या पट्ट्यात वेळ वाचतो तो अवघा तीन मिनिटांचा. विमान चुकायची भीती नसेल तर मी ७० ते ७५ च्या वर जात नाही. प्रवाशाला हे पटवून द्यावे लागते, पण शांतपणे सांगितले तर बहुतेकांना पटते.

एसीबाबत माझा सल्ला असा की तो बंद ठेवून स्वतःला त्रास करून घेऊ नये, तो शहाणपणाने वापरावा. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे चारही काचा खाली करून आतली गरम हवा जाऊ द्यावी, मग काचा लावून एसी सुरू करावा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. चाळीसच्या आतल्या वेगाला काचा उघड्या ठेवणे स्वस्त पडते. महामार्गावर उघड्या काचांमुळे वारा अडतो, तिथे काचा बंद करून एसी लावलेला बरा. पावसाळ्यात वाफ घालवण्यासाठी एसी लागतोच, त्या वेळी पेट्रोलचा विचार मनात आणू नये, कारण समोरचे दिसणे पहिले. गाडी शक्य तो सावलीत लावावी, फक्त माडाखाली लावू नये.

सिग्नलवर इंजिन बंद करण्याचा सल्ला सरसकट दिला जातो, त्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. छोटे पेट्रोल इंजिन नुसते उभे राहून तासाला अर्धा ते एक लिटर पिते, एसी चालू असेल तर वरच्या बाजूला. त्यामुळे अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे असेल, रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहायची असेल किंवा शाळेबाहेर मुलांसाठी उभे राहायचे असेल, तर इंजिन बंद केलेच पाहिजे. परंतु पर्वरीसारख्या ठिकाणी, जिथे रांग दर दहा सेकंदांनी दोन गाड्या पुढे सरकते, तिथे पुन्हा पुन्हा किल्ली फिरवल्याने स्टार्टर आणि बॅटरी यांच्यावर ताण येतो. ज्या गाड्यांत थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय कंपनीनेच दिलेली असते, त्यांचे स्टार्टर आणि बॅटरी त्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यांनी ती खुशाल वापरावी.

आणखी एक. आपल्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्या क्षणाचा ॲव्हरेज दाखवणारी पट्टी असेल, तर आठवडाभर तिच्याकडे लक्ष द्या. कुंडईहून बाणस्तारीकडे उतरताना गिअरमध्ये पाय उचलला की ती पट्टी टोकाला जाऊन चिकटते, न्यूट्रल केले की खाली येते. मामांना शेजारी बसवून हे दाखवलेत, तर वाद घालण्याची वेळच येणार नाही.

मडगावची गॅरेजवाली

माझ्या वडिलांनी सुरू केलेले गॅरेज मी चालवते, त्यामुळे मी गाडीच्या बाजूने बोलते. पिकअप चांगला आहे, धूर नाही आणि तरीही ॲव्हरेज १८ वरून १४ वर आला, असे कोणी सांगितले की मी इंजिनाकडे नंतर वळते. आधी चाके पाहते. गोव्यात चार महिने पाऊस आणि बारा महिने खारट हवा असते. ब्रेकचे पॅड चकतीवर दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या पिनांना गंज धरतो, वंगण सुकते आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड चकतीला किंचित घासत राहतात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी काही दिवस उभी ठेवली तर मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकमध्येही तसेच होते. चालवणाऱ्याला काही जाणवत नाही, कारण हे हळूहळू घडत जाते.

याची परीक्षा घरी करता येते. सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेकचा कमीत कमी वापर करून गाडी उभी करा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहा. चटका बसू शकतो, म्हणून लगेच टेकवू नका. डावे आणि उजवे चाक सारखेच कोमट असले पाहिजे. एकाच चाकातून धग येत असेल किंवा जळका वास येत असेल, तर तिथला ब्रेक अडकतो आहे. दुसरी परीक्षा अशी की सपाट जागेवर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून, एकट्याने ढकलून पाहावी. छोटी गाडी थोड्या जोराने सरकली पाहिजे. अडकलेला ब्रेक मोकळा करण्याचे काम फार खर्चाचे नसते, आणि ते टाळल्यास पेट्रोलबरोबर पॅड आणि चकतीही जातात.

टायरमध्ये चार-पाच पौंड जास्त हवा भरण्याच्या मी विरोधात आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची पट्टी असते, तिच्यावर लिहिलेला आकडाच खरा. तो चालक एकटा असताना वेगळा आणि गाडी भरलेली असताना वेगळा असू शकतो. हवा कमी असली तर नुकसान निश्चित आहे. चारही टायरमध्ये एकेक पौंड कमी झाला की मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घटतो, म्हणजे आठ पौंड कमी असल्यास दीड टक्का गेला. परंतु प्रमाणाबाहेर हवा भरल्यास टायरचा मधलाच भाग रस्त्याला टेकतो, पकड कमी होते आणि आपल्याकडच्या पावसात ओल्या रस्त्यावर ती जोखीम कोणी घेऊ नये. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. कार्यालयातून येताना पंपावर मोजली तर तापलेल्या टायरमध्ये ती तीन-चार पौंड जास्त दिसते आणि पंपावरचा मुलगा तेवढी सोडून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावू लागतो. खड्ड्यांचा मोसम संपला की चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. टायरची एकच कड झिजलेली दिसली तर त्यासाठी थांबूही नये.

एअर फिल्टरविषयी बरेच गैरसमज आहेत. तो तुंबला की मायलेज कोसळतो हे कार्ब्युरेटरच्या गाड्यांबाबत खरे होते. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवेच्या प्रमाणात पेट्रोल कमी करतो, त्यामुळे मायलेजपेक्षा पिकअपला फटका बसतो. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातून ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांनी लाल धुळीमुळे फिल्टर लवकर बदलावा, पण तो इंजिनाच्या आयुष्यासाठी. इंजिन ऑइल मात्र पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचे घालावे. जाड ऑइल घातले म्हणजे इंजिन जपले, अशी समजूत असते, पण ते फिरवण्यात ताकद जाते.

डिकी रिकामी करा. पंचेचाळीस किलो अनावश्यक वजनामागे साधारण एक टक्का मायलेज जातो. चतुर्थीला सामान नेण्यासाठी टपावर बसवलेले कॅरिअर पुढच्या चतुर्थीपर्यंत तसेच ठेवणारी कितीतरी माणसे माझ्याकडे येतात. महामार्गाच्या वेगाला रिकामे कॅरिअरसुद्धा वारा अडवते.

शेवटी मोजमाप. डॅशबोर्डवरचा सरासरी आकडा तुलनेपुरता चांगला, पण खरा हिशेब टाकी ते टाकी करावा. एकाच पंपावर, शक्य तो एकाच यंत्रावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिपमीटर शून्यावर आणावा, टाकी बरीच खाली आल्यावर पुन्हा तशीच भरावी आणि किलोमीटरांना लिटरांनी भागावे. नोझल बंद झाल्यावर आणखी दाबून भरू नये. असे लागोपाठ तीन-चार वेळा केल्याशिवाय १४ हा आकडा मी खरा धरणार नाही.

अंत्रुजकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. रिमची परीक्षा या रविवारी करून पाहतो आणि मामांना पट्टी दाखवण्यासाठी सोबत घेतो. एक गोष्ट विचारायची राहिली. आम्ही अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगावला सासुरवाडीला जातो. जाताना ॲव्हरेज फारच पडतो. घाट चढताना एसी बंद ठेवावा का आणि कोणत्या गिअरमध्ये चढावे?

फर्मागुढीकर

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. चार माणसे आणि सामान धरून १३०० किलोची गाडी तेवढी उंच न्यायची, तर केवळ उंचीपोटी लिटरभराहून अधिक पेट्रोल लागते, मग आपण कितीही कुशल असा. त्यातला काही भाग परत येताना उतारावर वसूल होतो. म्हणून घाटाचा मायलेज एका बाजूचा कधीच मोजू नये. फोंड्याहून निघून फोंड्याला परत येईपर्यंतचा मोजावा, म्हणजे आकडा आपल्याला वाटतो तितका वाईट दिसणार नाही.

चढताना वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिनाला ओढायला लावू नये. केरी सोडून वळणे सुरू झाली की तिसऱ्या गिअरमध्ये दोन-अडीच हजार फेऱ्यांवर एकसारखे चढत राहावे, तीव्र वळणावर दुसरा टाकावा. पुढे ट्रक असेल तर त्याच्या मागे अंतर ठेवून त्याच्याच गतीने चालावे. प्रत्येक फसलेल्या ओव्हरटेकमध्ये कमावलेला वेग ब्रेकमध्ये जातो. एसी सकाळच्या वेळी बंद ठेवता येतो, अंजुणे धरणाचे पाणी खाली दिसू लागेपर्यंत हवा पुष्कळ थंड झालेली असते. दुपारी किंवा पावसात धुके असताना मात्र तो चालू ठेवा. तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करा आणि रस्ता रुंद असेल तिथे बाजूला थांबा.

परतीच्या वेळी ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजेक्टर बंद राहतील, वेग इंजिनच सांभाळेल आणि ब्रेक फक्त वळणापूर्वी थोडा थोडा लागेल. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, भरलेल्या गाडीसाठी दाराच्या पट्टीवर दिलेली हवा भरून घ्यावी, आणि परत आल्यावर ती पुन्हा रोजच्या आकड्यावर आणावी.